संत्र्याच्या सालीची इस्त्री

मी मेले हे मला भर सभागृहात, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आणि सांगत कोण होतं? माझीच पोटची पोर. गालाला माईक लावून, चार परीक्षकांच्या पुढ्यात, अगदी स्वच्छ आवाजात.

पण थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय डोंबल कळणार? माझी ही खोडच आहे, तोंड आधी चालतं आणि डोकं मागून धापा टाकत येतं. लाँड्रीतल्या बायका म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही. मी म्हणते, तुमच्या असेल तर दाखवा.

लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे. मोठी, वाफेवर चालणारी. हॉटेलांच्या चादरी, टेबलांवरची कापडं, हात पुसायचे रुमाल, सगळं गाड्या भरभरून आमच्याकडे येतं. मी प्रेसवर असते. दिवसभर उभ्यानं काम, समोर वाफ, आणि अंगाला तो धुलाईच्या औषधाचा वास. आंघोळ करा, काही करा, जात नाही. नवरा ट्रकवर असतो, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी भिंगरी.

भिंगरी हे घरातलं नाव. शाळेतलं नाव मोठं छान आहे, पण ती लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. कॉलेजात घातली, तर तिथंही टिकली नाही. एक दिवस येऊन म्हणाली, आई, मी एका कॉफीच्या दुकानात लागले, बरिस्ता म्हणून. मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, कॉफी करणारी. मी म्हटलं, वा गं वा, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आठवडाभर आमच्यात धुसफुस चालली. पहिल्या दिवशी तिला दुकानाच्या दारापर्यंत सोडायला गेले तीसुद्धा तोंड फुगवूनच. ती म्हणाली, आत ये ना, दोन मिनिटं. काचेतून आत बघितलं तर सगळे कसे चकचकीत, हळू बोलणारे. मी आपली लाँड्रीच्या शर्टात. मग काय, लाज वाटली की मला राग येतो. तिच्यावरच डाफरले. म्हटलं, तुझी थेरं तूच बघ, मला उशीर होतोय. आणि निघाले.

त्यानंतर त्या दुकानात मी कधी पाय ठेवला नाही. रस्त्यावरून जायचे, काचेतून ती दिसायची, पण आत नाही गेले.

मग निघाली ही स्पर्धा. कॉफी करायचीसुद्धा स्पर्धा असते, हे मला कुठं माहीत? भिंगरीनं समजावलं. आधी साधी एस्प्रेसो द्यायची, म्हणजे ती इवल्याशा कपातली काळी, दाट कॉफी. मग दुधाची. आणि शेवटी सिग्नेचर ड्रिंक, म्हणजे त्याच एस्प्रेसोत स्वतःच्या डोक्यानं काहीतरी घालून केलेलं नवं पेय, जे दुसऱ्या कुणी केलेलं नसेल. आणि ते देताना त्याची गोष्ट सांगायची, हे कुठून सुचलं, का केलं. मी म्हटलं, कॉफी प्यायला बसलेत की कीर्तन ऐकायला? ती हसली नाही.

माझ्या स्वयंपाकघराची तिनं पार वाट लावली. साखर जाळ, संत्री सोल, काय काय उकळ. भांडी मी घासायची! एकदा कप घेऊन आली माझ्यापुढे. आई, चाखून सांग ना. मी जिभेला लावली आणि तशीच बेसिनमध्ये थुंकले. म्हटलं, शी, कडू जहर! याच्यासाठी कॉलेज सोडलंस? ती कप घेऊन परत गेली. पुन्हा कधी विचारायला आली नाही.

स्पर्धा जवळ आली तसं मीच विचारलं, काय गं, मी येऊ का बघायला? चेहरा असा झाला तिचा, जणू मी तिच्या ताटातलं मागितलं. म्हणाली, घरच्यांना आत सोडत नाहीत, आई. मी म्हटलं, नाही तर नाही, मला काय हौस पडली नाही. पण त्या सकाळी तिच्या काळ्या एप्रनला मीच इस्त्री करून दिली. दर वेळी करते. लहानपणापासून तिच्या कुठल्याही कपड्याला मी संत्र्याची साल उकळलेलं पाणी शिंपडून इस्त्री करते, त्यामागचं कारण सांगते पुढे. एप्रन घालून ती गेली आणि मी कामावर आले.

आता देवाची करणी बघा. त्याच स्पर्धेच्या टेबलांची कापडं आणि रुमाल आमच्याच लाँड्रीतून जायचे होते. गाडीवाला गठ्ठे भरता भरता म्हणाला, "अहो, तुमच्या लेकीची स्पर्धा ना? चला की बरोबर. घरच्यांसाठी पुढच्या दोन रांगा ठेवल्यात, मी काल बघून आलो."

मी म्हटलं, "घरच्यांना सोडत नाहीत."

"कोण म्हणतं? निम्मं सभागृह घरच्यांचंच असतं!"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे पोरीनं मला थाप मारली. का मारली ते विचारायचीही गरज नव्हती. माझी लाज वाटते तिला. माझ्या शर्टाची, माझ्या वासाची, माझ्या तोंडाची. मी प्रेस बंद केला, मुकादमाला सांगितलं की कापडं मांडायला माणूस लागेल, आणि गाडीत जाऊन बसले. मनात म्हटलं, आज बघतेच हिला. अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसते.

पण तिथं गेल्यावर पुढच्या रांगेत बसायचा धीर काही झाला नाही. टेबलांवर कापडं अंथरली, रुमालांचे ढीग लावले, आणि ट्रॉली भिंतीला लावून शेवटून दुसऱ्या रांगेत गुपचूप बसले.

भिंगरी स्टेजवर आली आणि मी बघतच राहिले. घरी कप विसळायला सांगितला तर दोन फोडणारी पोर, ही हीच का? हात कसे चालत होते तिचे! कॉफी दळली, भरली, दाबली, मशीनला लावली, बोलता बोलता टेबल पुसलं, एक थेंब कुठं सांडला नाही. मला आपलं उगाचच वाटायला लागलं की शेजारणीला कोपरानं ढोसावं आणि सांगावं, माझी आहे हो. सांगणारच होते. बरं झालं नाही सांगितलं.

कारण मग सिग्नेचर ड्रिंकची वेळ झाली, आणि भिंगरीनं टेबलाखालून एक छोटी इस्त्री काढली.

"माझी आई लाँड्रीत काम करायची," ती म्हणाली.

मी ताठ बसले. करायची काय? करते. पण म्हटलं असेल, जुनी गोष्ट सांगताना बोलतात तसं.

"शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या कपड्यांना औषधाचा वास येतो. मी घरी येऊन रडले. आई काही बोलली नाही."

काही बोलली नाही? अगं, त्या म्होरक्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईला असं खडसावलं होतं की ती बाई आजही मला बघून रस्ता बदलते! पण असो. गोष्टीत ते बसलं नसेल.

"दुसऱ्या दिवसापासून आई संत्र्याच्या साली उकळायची आणि ते पाणी शिंपडून माझ्या गणवेशाला इस्त्री करायची. मी वर्गात शिरले की संत्र्याचा वास यायचा. मग कुणी काही म्हणायचं नाही."

तिनं पांढऱ्या रुमालावर पाणी शिंपडलं आणि तापलेली इस्त्री फिरवली. वाफ आली, आणि तो वास पार माझ्या रांगेपर्यंत पोचला. माझ्या स्वयंपाकघराचा वास, त्या एवढ्या मोठ्या थंडगार सभागृहात. तो रुमाल आमच्या लाँड्रीतला होता, आदल्या दिवशी मी घडी घातलेला. तिनं तो कपाभोवती गुंडाळला, आणि चारही कपांना तसंच केलं. कपात एस्प्रेसो, त्यात जाळलेली साखर, संत्र्याच्या सालीचा अर्क, वर दुधाचा हलका फेस. परीक्षकांना म्हणाली, आधी रुमाल उघडा, वास घ्या, मग प्या.

आणि ते रुमाल उघडत असताना ती म्हणाली, "आई गेली. पण अजून इस्त्री तापली की ती येते."

गेली? कुठं गेली? अगं ए, मी इथं आहे की!

हे तोंडातून निघायच्या आतच शेजारच्या बाईनं पर्समधून कागदी रुमाल काढला, स्वतःचे डोळे टिपले आणि एक मलाही दिला. समोर एक परीक्षक, चांगला दाढीवाला बाप्या, चष्मा वर करून डोळे पुसत होता. कप खाली ठेवायचं भान नव्हतं त्याला. माझी कानशिलं तापली. बसल्या जागी माझा प्राण गेला म्हणते ते खोटं नाही. आयुष्यभर मी तिला ऊठ मेले, जेव मेले, कुठं उलथली होतीस मेले, असं म्हणत आले. तिनं एकदाच म्हटलं, आणि सगळ्या सभागृहाला पटलं.

राग यायला हवा होता. आलाही. पण रागाच्या खाली काय होतं ते सांगते. लाज. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पोरीला मी इतकी नकोशी झाले की तिनं मला पुढच्या रांगेतून उठवायच्या ऐवजी जगातूनच उठवलं? मान खाली घालून बसले. कुणी ओळखेल म्हणून नाही. कुणी ओळखणारच नव्हतं, त्याचीच लाज वाटत होती.

टाळ्या थांबल्यावर मी ट्रॉली घेऊन मागच्या खोलीत शिरले. वापरलेले रुमाल गोळा करायचे होते, ते निमित्त. भिंगरी सापडली तर काय बोलणार होते कुणास ठाऊक. पण तिथं तिच्या दुकानाची मालकीण भेटली. तिला सगळे ताई म्हणतात. भिंगरीच्या तोंडून ताई असं म्हणाल्या, ताई तसं म्हणाल्या, इतकं ऐकलं होतं की मी लगेच ओळखलं. तिनं काही मला ओळखलं नाही. कशी ओळखणार?

"मावशी, हे रुमाल पण घेऊन टाका," ती म्हणाली. आमच्यासारख्या कामवाल्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

मी रुमाल उचलले आणि विचारलं, "त्या मुलीचं छान झालं हो. आई कधी गेली तिची?"

ताईंचे डोळे भरूनच आलेले होते. त्यांना सांगायला कुणीतरी हवंच होतं.

"कधी ते मी अजून विचारलं नाही. धीरच झाला नाही. ती कामाला लागली त्या पहिल्या दिवशी मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, अगं, तू आईबरोबर येणार होतीस ना? आई कुठं आहे? तर मान खाली घालून एवढंच म्हणाली, आई गेली. आणि रडायलाच लागली हो पोर. मी जवळ घेतलं. मग दुकानातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, हिच्यापुढे आईचा विषय काढायचा नाही."

माझ्या हातातले रुमाल हातातच राहिले.

आई गेली. अहो, गेलीच होती ना! कोपऱ्यावरून वळून कामावर गेली होती. दारात लेकीवर डाफरून, तिला रडवून, तरातरा निघून गेली होती. मला हसूही आलं आणि रडूही. पोरीनं मला मारलं नव्हतं. ती फक्त खरं बोलली होती आणि ताईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. आणि मग विषयच काढायचा नाही म्हटल्यावर ती तरी कुणाला कसं सांगणार? रोज एक दिवस उलटला की खोटं आणखी एक घडी घालून कपाटात जातं. बाहेर काढायला मग हात होत नाही.

"या पेयाचंसुद्धा तसंच," ताई म्हणाल्या. "ती सारखी नको म्हणत होती, दुसरं काहीतरी करते म्हणाली. मीच मागे लागले. म्हटलं, अगं, आईची आठवण आहे, याच्याहून मोठं काय असतं? शेवटी तयार झाली. कधीतरी बोलते आईबद्दल. म्हणते, आई कधी गोड बोलायची नाही, पण माझ्या कॉलरला कधी सुरकुती नव्हती. मी एकदा विचारलं, आईला आवडलं असतं का गं हे? तर म्हणाली, थुंकली असती."

ताई हसल्या. मला नाही हसता आलं. मी त्या दुकानात एकदा, फक्त एकदा आत गेले असते, तरी हे सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं. अगं ही काय आई, म्हणून सगळे हसले असते. माझ्या मेलेपणाला माझ्याशिवाय कुणी राखण बसलं नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी कपांचा ट्रे घेऊन आत आली.

मला बघितलं आणि ट्रेमधले कप एकमेकांवर किणकिणायला लागले. चेहरा पांढराफटक. ताईंना वाटलं, दमली असेल.

"ये, ये. या लाँड्रीच्या मावशी. तुझं इतकं कौतुक करताहेत! अगं, एकाचं सामान उरलंय ना? मावशींना करून दे की."

भिंगरी माझ्याकडे बघत उभी राहिली. ताई तिथून हलेनात. शेवटी ती वळली आणि करायला लागली. नुसती ओतून दिली असती तरी चाललं असतं. पण तिनं सगळं केलं. एस्प्रेसो काढली, साखर घातली, फेस केला, रुमाल शिंपडला, इस्त्री फिरवली, कपाला गुंडाळला. घडी अगदी माझ्यासारखी घातली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी रुमाल उघडला, वास घेतला आणि प्यायले. आधी फेस लागला, मग साखरेचा जळका गोडवा, आणि मग मागून तो कडूपणा आला. पण नकोसा नाही. मी कप रिकामा केला. तळाशी उरलेली साखर बोटानं पुसून खाल्ली, एवढ्या चकचकीत लोकांत.

"चांगलं झालंय," मी म्हटलं.

"खरंच?" ती म्हणाली. आवाज एवढासा.

"खोटं कशाला बोलू?" मी म्हटलं. आणि दोघींच्या माना एकदमच खाली गेल्या.

निकाल लागला तेव्हा मी सभागृहात टेबलांवरची कापडं ट्रॉलीत भरत होते. भिंगरी पहिली आली. ताई खुर्चीवरून उडीच मारून उठल्या. भिंगरीच्या हातात एवढा मोठा कप दिला, रिकामाच. इथून पुढे ती मोठ्या स्पर्धेला जाणार, बाहेरदेशी, तिथंही हेच पेय करणार, असं तो सूत्रसंचालक सांगत होता. चमचमता कोट घातलेला, तोंडाचा पट्टा माझ्याहून जोरात. म्हणाला, "या क्षणी तुम्हाला कुणाची आठवण येते, हे विचारायची गरजच नाही!" सगळे हळहळले.

भिंगरी म्हणाली, "थांबा. मला एक सांगायचंय."

मी कापड तसंच हातात धरून उभी राहिले. ती मान वर करून शोधत होती. पुढच्या रांगा बघितल्या, मग मागच्या, मग मी दिसले.

"ती तिथं..." ती म्हणाली. "मागे, ट्रॉलीजवळ उभी आहे ती..."

झालं! सगळ्या माना गर्रकन माझ्याकडे वळल्या. त्या कोटवाल्याला तर हेच हवं होतं. टुणकन खाली उतरला, माईक घेऊन माझ्यापर्यंत आला, आणि स्टेजकडे बघून ओरडला, "या? या कोण तुमच्या?"

भिंगरीनं श्वास घेतला. तोंड उघडलं.

मला काय काय दिसलं त्या वेळी. ताईंचा रडून लाल झालेला चेहरा दिसला. डोळे पुसणारा तो दाढीवाला परीक्षक दिसला. तिच्या हातातला कप दिसला. मला वाटलं, आता घेतील काढून. म्हणतील, खोटारडी. म्हणतील, एका कपासाठी जित्या आईला मारलं. उद्या सगळीकडे हेच होईल, पोरीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे एवढं सगळं डोक्यात येईपर्यंत तोंड कशाला थांबतंय?

"मावशी!" मी ओरडले. माईकमध्येच. "मावशी आहे मी तिची. सख्खी. तिच्या आईची बहीण."

सभागृहात असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून सांगू. ताई धावत आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. "अहो, मघाशी का नाही बोललात? मी आपली रुमाल उचलायला सांगतेय तुम्हाला!" शेजारची ती कागदी रुमालवाली बाईसुद्धा लांबून मान हलवत होती, आता तिला सगळं समजलं होतं. आणि तो कोटवाला माईकवर म्हणाला, "आपल्याकडे म्हणतात ना, माय मरो आणि मावशी जगो!" सगळे हसले, पुन्हा टाळ्या.

मी स्टेजकडे बघितलं. भिंगरी तशीच उभी होती, तोंड उघडं ठेवून. मग तिनं ते हळूच मिटलं आणि फोटोवाल्याकडे वळून उभी राहिली.

घरी आम्ही लाँड्रीच्या गाडीतूनच आलो. गाडीवाला बिचारा बाहेर गठ्ठे भरत होता, आतलं त्याला काही माहीत नव्हतं. "काय मग, आईचं नाव काढलंस!" म्हणाला. भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिली, कप मांडीवर. मीच आपली बडबडत होते. म्हटलं, बरं झालं ना गं, वेळेवर सुचलं म्हणून. वेळ मारून नेली. आता कुणाला शंका यायची नाही.

"हो," ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडच्या स्पर्धेला येशील ना?"

"तू बोलावलंस तर येईन की. पुढच्या रांगेत बसेन."

"ये," ती म्हणाली. "ताई तुझी जागा ठेवणारेत. मावशींसाठी."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी दोन शब्द सुनावले असते, आम्हाला दोघींनाही बरं वाटलं असतं. ती दमून, साधंच बोलली. मला तोंड फिरवायला गाडीत जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बायकांनी अभिनंदन केलं, मी हूं हूं केलं. प्रेसवर चादर टाकली, वाफ सोडली, आणि डोळ्यांपुढं आलं ते भिंगरीचं स्टेजवरचं तोंड. जाईना. मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, मावशी. म्हणायला लागायच्या आधीच ओठ मिटतात. मिटल्याशिवाय म निघतच नाही. पुन्हा म्हणून बघितलं. तसंच. मग म्हटलं, आई. ओठाला ओठ लागत नाही, तोंड उघडंच राहतं.

मी मावशी म्हणायच्या आधीच तिचं तोंड उघडलेलं होतं. मी बघितलं होतं.

"काय गं, काय पुटपुटतेस?" पलीकडच्या प्रेसवरची म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं आणि पुढची चादर ओढली.